लाइव्ह रॉक अल्बम ऐकायला सुरुवात करताय? मग हे आधी वाचून घ्या

कुणीतरी सांगतं की डीप पर्पल या बँडचा मेड इन जपान ऐकलंच पाहिजे, तुम्ही अ‍ॅपमध्ये नाव टाकता आणि समोर चार-पाच वेगवेगळ्या आवृत्त्या येतात, त्यातली सगळ्यात लांब आवृत्ती तुम्ही उघडता, पाच मिनिटं ऐकता आणि मग "हेच गाणं स्टुडिओत जास्त स्वच्छ वाजलंय की" असं म्हणून बंद करता. बहुतेक लोकांचं लाइव्ह अल्बमशी नातं इथंच तुटतं. दोष त्यांचा नसतो, चुकीच्या टोकाने सुरुवात झालेली असते. म्हणून हा लेख.

एक गोष्ट आधीच सांगतो म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. लाइव्ह अल्बम हिट गाण्यांसाठी ऐकायचा नसतो, ती स्टुडिओत जास्त चांगली वाजलेली असतात. तो ऐकायचा असतो तो चार-पाच माणसं त्या रात्री एकमेकांचं ऐकून काय ठरवतायत हे पकडायला. एवढं डोक्यात ठेवलं की कुठला अल्बम भारी आणि कुठला नुसता पैसे काढायला काढलाय हे आपोआप कळायला लागतं.

काय काय लागेल

- हेडफोन. महागडे नकोत, पण डावा-उजवा कान वेगळा ऐकू आला पाहिजे. फोनच्या स्पीकरवर यातलं काहीच कळणार नाही.
- स्ट्रीमिंग अ‍ॅप, आणि त्याच्या सेटिंगमध्ये क्रॉसफेड (एक गाणं दुसऱ्यात मिसळणं) बंद, गॅपलेस (गाण्यांमध्ये खंड न पडणं) चालू. लाइव्ह अल्बममध्ये टाळ्या एका गाण्यातून दुसऱ्यात वाहत जातात, मध्ये अर्धा सेकंद शांतता आली की सगळा मूड जातो.
- शफल बंद. हे सांगायला लागू नये पण लागतं. काही अ‍ॅपच्या फुकट प्लॅनमध्ये शफल बंदच होत नाही, तसं असेल तर सरळ यूट्यूबवर बँडच्या अधिकृत चॅनलवर जाऊन अख्खा अल्बम लावा.
- आवाजाची पातळी सारखी करणारं सेटिंग, म्हणजे नॉर्मलायझेशन, तेही जमल्यास बंद. हळू वाजणारा भाग हळूच राहिला पाहिजे.
- डिस्कॉग्ज ही साइट. कुठली आवृत्ती कधी निघाली, त्यात किती गाणी होती, कुठल्या हॉलमध्ये रेकॉर्ड झाली, बरंचसं तिथं मिळतं.
- आणि सलग चाळीस मिनिटं. एका बैठकीत एलपीच्या, म्हणजे मोठ्या तबकडीच्या, दोन बाजू, बास. अडीच तासांची डीलक्स आवृत्ती पहिल्याच दिवशी संपवायला जाऊ नका.

1. आधी स्टुडिओतलं गाणं कानात बसवा

ही पायरी लोक हमखास गाळतात आणि मग म्हणतात यात काय एवढं. मूळ गाणं माहीत नसेल तर स्टेजवर काय बदललं ते कळणार कसं?

म्हणून डीप पर्पलचा मशीन हेड हा 1972 चा अल्बम दोन-तीनदा ऐकून घ्या. हा त्यांनी डिसेंबर 1971 मध्ये स्वित्झर्लंडच्या मोंत्रोमध्ये रेकॉर्ड केला, ज्या कसिनोमध्ये रेकॉर्डिंग करायचं होतं तो अमेरिकन संगीतकार फ्रँक झॅपाच्या शोमध्ये जळाला, आणि त्यातूनच स्मोक ऑन द वॉटर आलं, ही गोष्ट बहुतेकांना माहीत असते. मेड इन जपानच्या सातपैकी चार गाणी याच अल्बममधली आहेत, त्यामुळे तुलना करायला एकदम सोयीचं.

2. पहिला अल्बम: मेड इन जपान

15 आणि 16 ऑगस्ट 1972 ला ओसाकाच्या फेस्टिव्हल हॉलमध्ये आणि 17 ला टोकियोच्या बुडोकानमध्ये, असे तीन शो. गंमत म्हणजे बँडला यात फारसा रसच नव्हता, जपानी कंपनीला तिथल्या बाजारासाठी लाइव्ह अल्बम हवा होता म्हणून हे झालं. फक्त ध्वनिमुद्रण आपल्या मनासारखं व्हावं म्हणून त्यांनी स्वतःचा इंजिनियर मार्टिन बर्च सोबत नेला, आणि नशीब नेला. नंतर स्टुडिओत जाऊन काही दुरुस्त केलेलं नाही, जे वाजलं ते आहे.

आता कसं ऐकायचं. हेडफोन लावा, हायवे स्टार सुरू करा. एका कानात जॉन लॉर्डचा ऑर्गन, दुसऱ्या कानात रिची ब्लॅकमोरची गिटार. लॉर्ड आपला हॅमंड ऑर्गन गिटारच्या मार्शल अ‍ॅम्प्लिफायरमधून वाजवायचा, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी कुठलं वाद्य गुरगुरतंय ते पटकन कळत नाही. आधी एकाच कानाकडे लक्ष द्या, मग दुसऱ्या. मध्ये इयन पेस ड्रमवर काय करतोय ते तिसऱ्या वेळी.

मग स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन. स्टुडिओत हे चार मिनिटांच्या आतलं साधं गाणं आहे, इथं नऊ मिनिटांच्या वर जातं, कारण मध्येच ब्लॅकमोर गिटारवर एक तुकडा टाकतो आणि गायक इयन गिलन तो गळ्यातून परत करतो, मग जरा अवघड तुकडा, मग अजून वर. आपल्याकडे सतार-तबल्याचे सवाल-जवाब ऐकलेल्या माणसाला हे समजवायची गरजच नाही, फरक एवढाच की इथं शेवट किंकाळीवर होतो. माझ्या मते नवख्या मराठी श्रोत्यासाठी लाइव्ह रॉकमध्ये शिरायचा सगळ्यात सोपा दरवाजा हाच.

चाइल्ड इन टाइम बारा मिनिटं, ते मात्र रात्री दिवा बंद करून ऐका. स्पेस ट्रकिन जवळपास वीस मिनिटांचं आहे आणि पहिल्या वेळी ते जड जाईल, गेलं तर पुढच्या आठवड्यासाठी ठेवा. द म्यूलमधला ड्रम सोलो? ज्याला आवडतो त्याला आवडतो. मी हल्ली तिथं पाणी प्यायला उठतो.

आणि गाण्यांमधलं बोलणं कापू नका. एका ठिकाणी गिलन स्टेजवरचा आवाज वाढवायला सांगतो आणि मग म्हणतो की सगळंच सगळ्यापेक्षा मोठं करता येईल का. अख्ख्या हार्ड रॉकचं धोरण त्या एका वाक्यात आलंय.

3. दुसरा अल्बम: लाइव्ह अ‍ॅट लीड्स, पण आवृत्ती बघून

द हू या बँडचा 14 फेब्रुवारी 1970 चा शो, लीड्स युनिव्हर्सिटीच्या जेवणाच्या हॉलमध्ये, विद्यार्थ्यांसमोर. त्याआधीच्या अमेरिकन दौऱ्यातले शो टेपवर घेतलेले होते, पण तो ढीग ऐकत बसायचा वैताग येऊन पीट टाउनशेंडने त्या टेप जाळून टाकायला सांगितल्या आणि नवीन दोन शो ठरवले, एक लीड्सला आणि दुसऱ्या दिवशी हल या शहरात. हलच्या टेपवर पहिल्या काही गाण्यांत बास गिटार उमटलाच नव्हता, म्हणून लीड्स निघाला.

इथं नवख्यांची गफलत ठरलेली. मूळ एलपीत फक्त सहा गाणी होती. 1995 च्या सीडीत ती चौदा झाली, 2001 च्या डीलक्समध्ये टॉमी हा त्यांचा रॉक ऑपेरा, म्हणजे गाण्यांतून सांगितलेली एक गोष्ट, जवळजवळ अख्खा आला. ही सगळी सामग्री उत्तम आहे, पण पहिल्यांदा ऐकताना दोन तास कुणाचंच लक्ष टिकत नाही. तेव्हा स्वतः एक प्लेलिस्ट बनवा, या क्रमाने: यंग मॅन ब्लूज, सब्स्टिट्यूट, समरटाइम ब्लूज, शेकिन ऑल ओव्हर, माय जनरेशन, मॅजिक बस. चाळीस मिनिटांच्या आत काम होतं. पोट भरल्यावर मग मोठी आवृत्ती.

ऐकायचं काय? तर गिटार, बास, ड्रम एवढीच तीन वाद्यं आहेत, चौथा रॉजर डॉल्ट्री गातो, आणि तरी कुठं रिकामं वाटत नाही. जॉन एंटविसलचा बास एका कानात, टाउनशेंडची गिटार दुसऱ्यात. बास इथं मागे बसून ठेका धरत नाही, तो दुसऱ्या गिटारसारखा पळतो. कीथ मून ताल सांभाळायचं सोडून गाण्याच्या अंगावर येतो. मग ताल सांभाळतंय कोण? बऱ्याचदा टाउनशेंडचा उजवा हात! हे एकदा लक्षात आलं की यंग मॅन ब्लूजमधल्या त्या थांबण्याच्या जागा, जिथं सगळे एकदम गप्प होतात आणि एकदम कोसळतात, त्या ऐकताना अंगावर काटा येतो. माय जनरेशन चौदा मिनिटांच्या वर आहे आणि त्यात टॉमीचे तुकडे येऊन जातात, पुढं काय येणार ते बँड वाजवता वाजवता ठरवतोय असं वाटत राहतं.

मूळ एलपीचं कव्हर साधं तपकिरी, वर शिक्का मारल्यासारखं नाव, मुद्दाम चोरट्या रेकॉर्डसारखं. लेबलवर सूचना होती की खरखर आहे ती बरोबर आहे, दुरुस्त करू नका. म्हणजे प्लेअरची सुई बिघडलीय असं समजून दुकानात नेऊ नका.

4. तिसरा अल्बम: अ‍ॅट फिल्मोर ईस्ट, आणि लांब गाण्यांची भीती

ऑलमन ब्रदर्स बँड, मार्च 1971, न्यूयॉर्क. माझ्या यादीत सगळ्यात वरचा हाच, त्यामुळे जरा जास्त लिहितोय, चालवून घ्या.

लोक घाबरतात ते आकड्यांना. यू डोन्ट लव्ह मी एकोणीस मिनिटं, व्हिपिंग पोस्ट तेवीस मिनिटं, एलपीची अख्खी बाजू एका गाण्याला. म्हणून सरळ क्रमाने जाऊ नका, असं जा:

आधी स्टेट्सबरो ब्लूज. चार-साडेचार मिनिटं, आणि पहिल्याच सेकंदाला डुएन ऑलमनची स्लाइड गिटार, म्हणजे बोटात काचेची छोटी बाटली घालून तारेवर घसरवत वाजवलेली. ही गिटार जवळजवळ गातेच.

मग इन मेमरी ऑफ एलिझाबेथ रीड. तेरा मिनिटं, शब्द नाहीत. नाव मेकन गावच्या स्मशानातल्या एका थडग्यावरून घेतलंय. सुरुवातीला डिकी बेट्स गिटारचा आवाज हळूहळू फुलवत आणतो, मग दोन गिटार एकच सुरावट वेगवेगळ्या पट्टीत वाजवतात, मग एकेक जण सुटतो. डुएन माइल्स डेव्हिस आणि कोल्ट्रेन हे जॅझवाले खूप ऐकायचा आणि ते इथं स्वच्छ दिसतं, घाईत काही सांगायचं नसतं. गिटारकडे लक्ष देऊन झालं की पुढच्या वेळी फक्त ड्रम ऐका, कारण ड्रमर दोन आहेत, बुच ट्रक्स आणि जेमो, एक रेटतो आणि दुसरा त्याच्या भोवती खेळतो.

आणि मग व्हिपिंग पोस्ट. 1969 च्या स्टुडिओ अल्बममध्ये हे पाच-सव्वापाच मिनिटांचं आहे, ते आधी ऐका. फिल्मोरमध्ये बेरी ओकली बासवर सुरुवात करतो आणि ती सुरुवात अकरा मात्रांची आहे, तीन-तीन-तीन-दोन, बोटावर मोजून बघा. नंतर गाणं सहाच्या चालीत उतरतं. दहाव्या मिनिटाच्या आसपास वाटतं संपलं, संपत नाही. मग सगळं जवळपास थांबतं, ताल सुटतो, दोन-दोन स्वर तरंगत राहतात आणि प्रेक्षागृहात कुणीही आवाज करत नाही. तो भाग कंटाळवाणा वाटला तर पुढं ढकलू नका, कारण त्यानंतर ग्रेग ऑलमन शेवटचं परत गायला येतो तेव्हा जो परिणाम होतो तो त्या शांततेमुळेच होतो.

निर्माता टॉम डाउड. तरुणपणी हा माणूस मॅनहॅटन प्रकल्पावर, म्हणजे अणुबॉम्बच्या कामावर होता, नंतर ध्वनिमुद्रणात आला आणि कोल्ट्रेन, रे चार्ल्सपर्यंत सगळ्यांबरोबर काम केलं. या शोंना बँडने सोबत हॉर्न, म्हणजे सॅक्सोफोनसारखी फुंकायची वाद्यं, वाजवणारे आणले होते, डाउडने ऐकलं आणि त्यांना काढायला लावलं. उपकार झाले.

अल्बम जुलै 1971 मध्ये आला, फिल्मोर ईस्ट हे थिएटर त्याच्या आधीच जूनच्या शेवटी बंद झालं होतं, आणि ऑक्टोबरमध्ये डुएन मोटरसायकल अपघातात गेला, वय चोवीस.

इथंही आवृत्तीचा घोळ आहेच. 2014 मध्ये त्या सगळ्या शोंचा बॉक्स सेट निघाला, एकच गाणं त्यात तीन-चारदा येतं. तो नवख्यांनी उघडायचा नाही. वर्षभराने उघडा, तेव्हा तीच सोन्याची खाण वाटेल.

5. "पण हे खरंच लाइव्ह आहे का?" या प्रश्नात किती अडकायचं

थोडंच अडका. बरेच गाजलेले लाइव्ह अल्बम नंतर स्टुडिओत डागडुजी केलेले आहेत, त्याला ओव्हरडब म्हणतात. थिन लिझीच्या लाइव्ह अँड डेंजरसबद्दल (1978) निर्माता टोनी व्हिस्कोंटी म्हणतो बहुतेक भाग पुन्हा वाजवलाय, बँडवाले म्हणतात छे, अगदी थोडा. किसच्या अलाइव्हमध्येही (1975) दुरुस्त्या आहेत. जॉनी कॅशचा फॉल्सम तुरुंगातला 1968 चा अल्बम, रॉक नव्हे कंट्री आहे पण सगळे रॉकवाले ऐकतात, त्यात रीनोमध्ये माणूस मारल्याच्या ओळीवर कैदी जल्लोष करतात तो जल्लोष नंतर चिकटवलेला आहे. खरे कैदी पहारेकऱ्यांसमोर असल्या ओळीवर ओरडायला धजावले नव्हते.

उलट प्रकारही आहे. नील यंगच्या रस्ट नेव्हर स्लीप्समध्ये (1979) बहुतेक रेकॉर्डिंग स्टेजवरचं आहे पण प्रेक्षकांचा आवाज पुसून टाकलाय. ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

माझं मत विचाराल तर लाइव्ह अँड डेंजरस खोटा असला तरी कडक आहे आणि शंभर टक्के खरे पण झोप आणणारे अल्बम ढिगाने पडलेत. फक्त एक करा, ज्या अल्बममध्ये मागे गाणारे सहा जण असल्यासारखे वाटतात आणि बँडमध्ये तिघेच आहेत तिथं जरा संशय घ्या.

6. नावावर आणि फोटोवर जाऊ नका

मोटरहेडचा नो स्लीप टिल हॅमरस्मिथ (1981) हॅमरस्मिथमध्ये रेकॉर्ड झालेलाच नाही. यूटूचा अंडर अ ब्लड रेड स्काय (1983) लोक कोलोरॅडोच्या रेड रॉक्सचा समजतात कारण व्हिडिओ तिथला आहे, पण अल्बममधली जास्त गाणी जर्मनीतल्या शोची आहेत. बॉब डिलनचा 1966 चा तो प्रसिद्ध शो, ज्यात प्रेक्षकातून कुणीतरी "जूडास!" म्हणजे गद्दार असं ओरडतो, तो वर्षानुवर्षं रॉयल अल्बर्ट हॉलचा म्हणून चोरट्या रेकॉर्डवर फिरत होता, होता मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलचा. 1998 मध्ये अधिकृत काढला तेव्हाही अल्बर्ट हॉलचं नाव अवतरणचिन्हांत ठेवलं! आणि मेड इन जपानच्या कव्हरवरचा फोटो लंडनमधला आहे.

म्हणून तारीख-ठिकाण डिस्कॉग्जवर किंवा आतल्या पुस्तिकेत बघायची सवय लावा.

7. आता प्रेक्षक ऐका

तीन अल्बम झाले की कान तयार होतो, मग गर्दीकडे लक्ष द्या. चीप ट्रिकचा अ‍ॅट बुडोकान (1978) त्या जपानी मुलींच्या किंकाळ्यांशिवाय अर्धाच उरेल. हा आधी फक्त जपानमध्ये निघाला होता, अमेरिकेत लोक इंपोर्ट करून घ्यायला लागले तेव्हा कंपनीला जाग आली.

निर्वाणाचा अनप्लग्ड (रेकॉर्ड नोव्हेंबर 1993, प्रकाशित 1994) याच्या दुसऱ्या टोकाला. हिट गाणं बहुतेक टाळलंय, चौदापैकी सहा गाणी दुसऱ्यांची, आणि शेवटच्या गाण्यात गायक कर्ट कोबेन शेवटच्या ओळीत क्षणभर थांबून श्वास घेतो. तो श्वास हेडफोनवर ऐका.

आणि कॉन्सर्ट फॉर बांगलादेश, 1 ऑगस्ट 1971, मॅडिसन स्क्वेअर गार्डन. सुरुवातीला रविशंकर, अली अकबर खाँ आणि अल्लारखाँ वाद्यं जुळवतात, जुळवून झाल्यावर लोक जोरदार टाळ्या वाजवतात, आणि रविशंकर शांतपणे म्हणतात की नुसतं जुळवणं इतकं आवडलं असेल तर वादन अजून आवडेल. आपल्या लोकांनी हा तुकडा चुकवू नये.

आपलाच विषय निघालाय तर हेही. आयर्न मेडन 1 फेब्रुवारी 2008 ला मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात वाजवून गेले, त्यांचा गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः बोइंग 757 उडवत फिरत होता तोच दौरा. 2009 मध्ये निघालेल्या फ्लाइट 666 या लाइव्ह अल्बममध्ये सुरुवातीला वाजणाऱ्या चर्चिलच्या भाषणानंतरचं पहिलंच गाणं, एसेस हाय, मुंबईचं आहे. त्यातला गलका आपला आहे. अल्बम म्हणून मात्र त्यांचा 1985 चा लाइव्ह आफ्टर डेथ जास्त सरस, हे कबूल करायला हरकत नाही.

8. पुढं कुठं जायचं

सवाल-जवाब आवडले असतील तर हेन्ड्रिक्सचा बँड ऑफ जिप्सीज, त्यात मशीन गन. लीड्सची मारामारी आवडली असेल तर एमसी फाइव्हचा किक आउट द जॅम्स, ज्यांनी पहिलाच अल्बम लाइव्ह काढला, आणि एसीडीसीचा इफ यू वाँट ब्लड. फिल्मोरची लांबी पचली असेल तर ग्रेटफुल डेडचा लाइव्ह डेड. डेडच्या बाबतीत जपून, त्यांचे शेकडो शो इंटरनेट आर्काइव्हवर फुकट ऐकायला मिळतात आणि माणूस हरवतो. 8 मे 1977 चा कॉर्नेल विद्यापीठातला शो घ्या आणि तिथंच थांबा काही दिवस.

9. एलपी घ्यायची झालीच तर

काळा घोड्याचं रिदम हाउस 2016 मध्ये बंद झालं, तेव्हा मुंबईत जुन्या तबकड्यांसाठी आता चोर बाजार, फोर्टचे फुटपाथ किंवा ऑनलाइन विकणारे. तबकडी बाहेर काढून उजेडात तिरपी धरून बघा, नखाला लागणारा ओरखडा असेल तर ठेवून द्या. लाइव्ह अल्बममध्ये हळू भाग जास्त असतात आणि चरचर तिथंच ऐकू येते. डबल एलपी असेल तर दोन्ही तबकड्या त्याच अल्बमच्या आहेत ना हे लेबल वाचून तपासा, कव्हर एकाचं आणि आतली तबकडी दुसऱ्याची हा प्रकार जुन्या मालात चालतो. आणि एका तबकडीवर साइड एक आणि चार, दुसरीवर दोन आणि तीन असं दिसलं तर छपाईची चूक समजून घासाघीस करू नका, आपोआप तबकडी बदलणाऱ्या जुन्या प्लेअरसाठी तसंच छापायचे.